गाठोड्यात न मावणारा शब्द

जोनाथन स्विफ्ट या आयरिश धर्मोपदेशकाने लिहिलेली गलिव्हरच्या सफरींची कथा १७२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. मराठी घरांत ती पोहोचली ती मुलांचे पुस्तक म्हणून. वीतभर उंचीच्या माणसांचे बेट आणि त्यानंतर ताडमाड देहाच्या माणसांचा देश, या दोन सफरींपाशी मुलांच्या आवृत्त्या बहुधा थांबतात. तिसऱ्या सफरीत गलिव्हर बाल्निबार्बी नावाच्या देशात जातो आणि लगॅडो या राजधानीतील विद्वत्परिषद पाहतो. हा भाग मुलांना रुचणारा नाही म्हणून गाळला जातो. प्रौढांनी मात्र तोच आधी वाचावा असे मला वाटते, आणि व्यापारी घरांतील मंडळींनी तर विशेषत्वाने. का, ते ओघात येईलच.

या विद्वत्परिषदेत एक गृहस्थ काकडीतून सूर्यकिरण काढण्याच्या उद्योगाला आठ वर्षे लागलेले आहेत. दुसरे एक शिल्पज्ञ छतापासून आरंभ करून पायापर्यंत उतरणारी घरबांधणी शोधत आहेत. या सर्व संशोधनाचे फळ म्हणून देशातील शेते ओसाड आणि घरे मोडकळीस आलेली आहेत, हे स्विफ्ट जाता जाता सांगतो. परंतु आपल्याला प्रयोजन आहे ते पलीकडच्या दालनातील एका प्राध्यापकाशी. त्याने वीस फूट लांब आणि तितकीच रुंद अशी एक लाकडी चौकट उभारली आहे. तिच्यात फाशांच्या आकाराचे असंख्य ठोकळे बारीक तारांनी गुंफलेले असून त्यांच्या प्रत्येक बाजूवर कागद डकवून त्या देशाच्या भाषेतील सगळे शब्द, त्यांच्या सर्व काळ-विभक्तींसह, कोणताही क्रम न ठेवता लिहिलेले आहेत. चौकटीच्या कडेने चाळीस लोखंडी मुठी आहेत आणि प्रत्येक मुठीपाशी एक शिष्य उभा आहे. आज्ञा होताच चाळीसही जण मुठी फिरवतात, सगळे ठोकळे उलटतात आणि शब्दांची रचना पार बदलते. मग छत्तीस शिष्य हलक्या आवाजात ओळी वाचू लागतात. जेथे तीन-चार शब्द वाक्याच्या तुकड्यासारखे शेजारी आलेले दिसतील, तेथे ते उरलेल्या चौघांना सांगतात आणि ते चौघे लिहून घेतात. हा उद्योग दिवसाचे सहा तास चालतो. अशा तुटक वाक्यांचे मोठमोठे ग्रंथ प्राध्यापकमहाशयांनी जमवले आहेत, आणि ते जोडून सर्व शास्त्रांचा एक संपूर्ण संग्रह जगाला द्यावयाचा त्यांचा मानस आहे.

या चौकटीच्या साहाय्याने अगदी अडाणी मनुष्यही अल्प खर्चात आणि थोड्या अंगमेहनतीत तत्त्वज्ञान, काव्य, राजनीती, कायदा, गणित आणि धर्मशास्त्र या विषयांवर ग्रंथ लिहू शकेल. प्रतिभा नको, अभ्यास नको, असा त्यांचा दावा आहे. पुस्तकांत नामे किती, क्रियापदे किती, अव्यये किती येतात याचे प्रमाण त्यांनी काटेकोरपणे मोजून ठेवले आहे. लोकांनी वर्गणी काढून अशा पाचशे चौकटी उभारल्या, तर काम लवकर तडीस जाईल असे ते गलिव्हरला सांगतात. वर्गणीचा उल्लेख मला फार आवडला. ज्ञानाच्या कोणत्याही नव्या पंथाची ओळख अखेर पावतीपुस्तकापाशी येऊन थांबते, हे स्विफ्टला नीट ठाऊक होते.

त्यानंतर गलिव्हर भाषाशाळेत जातो. तेथे तीन प्राध्यापक भाषेची सुधारणा करीत बसलेले आहेत. त्यांची पहिली योजना अशी की, लांब शब्द तोडून एकाक्षरी करावेत आणि क्रियापदे व धातुसाधिते गाळून टाकावीत. कारण जगात कल्पना करता येण्याजोगे जे काही आहे, ते सर्व नामच आहे. दुसरी योजना याहून धाडसी आहे. शब्दच नकोत. बोलण्याने फुप्फुसांची झीज होऊन आयुष्य घटते. शब्द म्हणजे केवळ वस्तूंची नावे, तेव्हा ज्या वस्तूंविषयी बोलावयाचे त्या वस्तूच प्रत्येकाने बरोबर बाळगाव्यात. तेथील स्त्रियांनी आणि सामान्य जनांनी, आम्हांला आमच्या पूर्वजांप्रमाणे जिभेने बोलू द्या, नाहीतर बंड करू, अशी धमकी दिल्यामुळे ही योजना देशभर लागू होऊ शकली नाही. पण काही पंडितांनी ती निष्ठेने स्वीकारली आहे. ज्याचा व्याप मोठा त्याच्या पाठीवरचे गाठोडे मोठे, आणि ऐपत असेल तर बरोबर एक-दोन धट्टेकट्टे नोकर. असे दोन पंडित रस्त्यात भेटले की फेरीवाल्यांप्रमाणे ओझी खाली ठेवतात, गाठोडी सोडतात, तासभर वस्तू दाखवून संभाषण करतात, पुन्हा गाठोडी बांधतात आणि एकमेकांना ती पाठीवर चढवायला मदत करून निरोप घेतात.

ही नुसती थट्टा नव्हे, याला तत्कालीन निमित्त होते. लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली. तिचा इतिहास लिहिणाऱ्या टॉमस स्प्रॅटने १६६७ साली असा आदर्श मांडला की, जितक्या वस्तू तितकेच शब्द वापरून बोलावे, अलंकार आणि पाल्हाळ वर्ज्य करावा. पुढच्याच वर्षी जॉन विल्किन्स या विद्वानाने जगातील सर्व वस्तूंचे वर्गीकरण करून प्रत्येकीला एक ठरावीक चिन्ह देणाऱ्या कृत्रिम भाषेचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मनीत लायब्निझ हा थोर गणिती असे स्वप्न पाहत होता की, विचारांची चिन्हे एकदा निश्चित केली की वाद घालण्याचे कारणच उरणार नाही. दोन पंडित पाटी घेऊन बसतील आणि हिशेब करून पाहतील. लायब्निझने स्वतः बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणारे यंत्र बनवले होते, तेव्हा हे केवळ हवेतले बोलणे नव्हते. लगॅडोचे पंडित या मंडळींचे कथेतील भाऊबंद होत. भाषा म्हणजे खुणांची मांडणी, मांडणीचे नियम कळले की पुरे, अर्थ नावाचे वेगळे काही शोधण्याची गरज नाही, असे त्यांचे दर्शन थोडक्यात सांगता येईल.

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे दर्शन हसून सोडून देता येत नाही, कारण आमचे अर्धे काम याच दर्शनावर चाले. पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले, ती पद्धती म्हणजे खुणांचा खेळच आहे. जमा आणि नावे या दोन बाजू, प्रत्येक व्यवहार दोन्हीकडे, आणि महिनाअखेर तेरीज जुळली पाहिजे. तेरीज जुळवणाऱ्या कारकुनाला ती रक्कम कापसाची की कडधान्याची, लग्नाच्या खर्चासाठी काढलेली की दवाखान्यासाठी, हे ठाऊक असण्याचे कारण नसते. ठाऊक नसलेलेच बरे, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. परंतु वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात की, तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरत नाही. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना नोंदायचाच राहिला, तरी तेरीज जुळते. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला, तरी जुळते. एक चूक दुसऱ्या तेवढ्याच चुकीने झाकली गेली, तरी जुळते. खरेपणा पाहायचा तर वही मिटून गोदामात जावे लागते, प्रमाणके काढून पाहावी लागतात, समोरच्या पेढीला पत्र लिहून शिल्लक विचारावी लागते.

सही तपासण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराच्या सहीचा नमुना कार्डावर असे. धनादेश आला की ते कार्ड काढून दोन सह्या शेजारी ठेवायच्या. गुजराती, उर्दू, तमिळ अशा कितीतरी लिप्यांतील सह्या मी तपासून संमत केल्या. उर्दूचे एक अक्षरही मला वाचता येत नव्हते आणि त्याने काही अडले नाही. वळण, दाब, शेवटचा फराटा, टिंबाची जागा यांवर काम होई. अभिनंदनाच्या तारांचेही तसेच. तारखात्याने मजकूर ठरवून त्यांना क्रमांक दिलेले होते; आपण क्रमांक लिहायचा, तारायंत्रावर क्रमांक जायचा आणि लग्नघरी छापील शुभेच्छा पोहोचायची. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण जुन्या घरांच्या पेट्यांतून अशा तारा अजून जपलेल्या सापडतात.

माझ्या त्या कार्डांच्या टेबलावरचे चित्र जॉन सर्ल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८० साली एका निबंधात जसेच्या तसे उभे केले. त्याला बँकेची कल्पना नसावी. त्याने कल्पिलेला मनुष्य एका बंद खोलीत बसला आहे. त्याला चिनी भाषा मुळीच येत नाही. दाराच्या फटीतून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या आत येतात. त्याच्याजवळ त्याला समजणाऱ्या भाषेत नियमांचे एक पुस्तक आहे: अमुक आकाराची अक्षरे आली तर तमुक आकाराची अक्षरे बाहेर पाठवावीत. तो नियम पाहून चिठ्ठ्या बाहेर देतो. बाहेरच्या चिनी लोकांना ती उत्तरे इतकी चोख वाटतात की, आत कोणी चिनी पंडितच बसला आहे अशी त्यांची खात्री होते. सर्लचे म्हणणे असे की, आतल्या माणसाला चिनी कळते असे आपण म्हणणार नाही. मग नियमांप्रमाणे चिन्हे हलवणाऱ्या संगणकाला भाषा कळते असे तरी का म्हणावे? यावर आक्षेप आला की, माणसाला कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि चिठ्ठ्या मिळून जी संपूर्ण व्यवस्था होते तिला कळत असेल. सर्लने उत्तर दिले की, त्याने ते सगळे पुस्तक पाठ करून खोलीबाहेर येऊन काम केले, तरी त्याला चिनी आलेली नसणारच. हा वाद अद्याप मिटलेला नाही आणि या सदरात तो मिटवण्याचा माझा अधिकारही नाही.

मात्र सर्लच्या खोलीपेक्षा बँकेच्या टेबलावर एक गोष्ट अधिक होती, तिच्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. त्या नमुना सहीच्या कार्डाआड एक मनुष्य होता. खाते उघडताना तो प्रत्यक्ष येऊन समोर बसला होता, जुन्या खातेदाराने त्याची ओळख दिली होती, आणि त्या ओळख देणाऱ्याचीही सही कागदावर होती. मला लिपी कळत नसेल, पण हे पैसे द्या असे कोण म्हणतो आहे हे माझ्या बँकेला कळलेले होते. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा डाव्या हाताचा अंगठा साक्षीदारासमक्ष घेतला जाई. अंगठ्याचा ठसा ही कोणत्याच भाषेतील खूण नाही. तरीही मोलमजुरी करणाऱ्या बाईचा तो निळा ठसा आणि एखाद्या बॅरिस्टराची वळणदार सही, या दोहोंचे मोल खतावणीत सारखेच होते.

शब्दांना अर्थच नाही असे म्हणणारे आपल्याकडेही होऊन गेले, आणि ते कथेतले नव्हेत. यास्काचार्यांनी निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे. वेदमंत्र निरर्थक आहेत, म्हणून त्यांचा अर्थ शोधणारे शास्त्रही व्यर्थ आहे, असे तो म्हणे. त्याची कारणे मोठी तर्कशुद्ध आहेत. मंत्रातील शब्दांचा क्रम बदलता येत नाही आणि एका शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा ठेवता येत नाही. अर्थ महत्त्वाचा असता तर हे चालले असते. मंत्र वनौषधीला रक्षण कर म्हणून विनवतात आणि कुऱ्हाडीला इजा करू नको म्हणून सांगतात. एके ठिकाणी रुद्र एकच म्हटला आहे, तर दुसरीकडे हजारो. यास्काचार्यांनी एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिले. मंत्रांतील शब्द लोकव्यवहारातलेच आहेत, तेथे ते अर्थ सांगतात तर येथे का सांगणार नाहीत? ठरावीक क्रम तर रोजच्या बोलण्यातील जोडशब्दांतही असतो. आणि आंधळ्याला खांब दिसला नाही, तर दोष खांबाकडे जात नाही. मला यास्काचार्यांच्या उत्तराइतकेच त्यांच्या वर्तनाचेही कौतुक वाटते. ज्या मताने त्यांच्या सगळ्या ग्रंथाचे प्रयोजनच नाहीसे होते, ते मत त्यांनी स्वतःच्याच ग्रंथात सविस्तर लिहून ठेवले. आज कौत्स आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः त्यामुळे.

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायातील चार निक्षेप पाठशाळेत शिकलेल्यांना येथे आठवतील: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. बुद्धिबळाच्या पटावरील लाकडी सोंगटीला हत्ती म्हणणे ही स्थापना. तिला सोंड नाही, पण खेळापुरती ती हत्ती आहे आणि नियमाप्रमाणे चालते. लगॅडोचे पंडित स्थापनेपाशीच मुक्काम करून राहिले आणि सगळी भाषाच बुद्धिबळ आहे असे समजले. शब्द एकच असूनही तो कोणत्या नात्याने ठेवला आहे हे विचारण्याची आपली शिस्त त्यांच्यापाशी नव्हती.

आता पुन्हा त्या गाठोड्यांकडे वळू, कारण व्यापाऱ्याचे प्रकरण तेथेच आहे. दोन पंडित रस्त्यात गाठोडी सोडून बसले आहेत. एकाला तांदूळ घ्यायचा आहे, त्याने तांदळाची मूठ दाखवली. दुसऱ्याने माप दाखवले, नाणी दाखवली. रोखीचा व्यवहार झाला आणि एकही शब्द लागला नाही. आपल्या जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, ते याहून फार वेगळे नव्हते. पण समजा, घेणाऱ्यापाशी आज नाणी नाहीत. त्याला म्हणायचे आहे की, दिवाळीला देईन. गाठोड्यातून तो काय काढून दाखवील? दिवाळीची पणती दाखवता येईल, नाणे दाखवता येणार नाही, कारण ते अजून त्याच्यापाशी नाही. ‘देईन’ ही वस्तू नाही. ते क्रियापद आहे, त्यात उत्तम पुरुष आहे आणि भविष्यकाळ आहे. पहिल्या योजनेत क्रियापदे गाळली तेव्हाच त्या पंडितांनी उधारी बंद केली होती, आणि उधारीबरोबर पेढी, भागीदारी, हुंडी, विमा, जामीन, सगळेच. स्विफ्टने लगॅडोतील रस्त्यांवर फाटक्या कपड्यांची, भकास चेहऱ्यांची माणसे दाखवली आहेत. त्याने कारण वेगळे दिले आहे, पण ज्या राज्यात ‘देईन’ म्हणता येत नाही त्या राज्यात दुसरे काय दिसणार!

आपल्या पूर्वजांनी ‘देईन’ आणि ‘द्यावे’ या क्रियापदांची किती काळजी घेतली, ते जुन्या हुंडीत पाहावे. रक्कम अंकांत लिहीत, मग अक्षरी लिहीत, आणि त्यावर तिच्या निम्म्याची दुप्पट असेही लिहीत. हजाराची हुंडी असेल तर पाचशेची दुप्पट. शाहजोग हुंडीचे पैसे द्यायचे ते बाजारात पत असलेल्या शाहालाच. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. हे सगळे कागदावरील खुणांचेच संरक्षण होते, परंतु जपायचे होते ते खुणांच्या मागचे वचन. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १८ असे सांगते की, अंकांतील आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरावी. अंकात एक शून्य सहज वाढवता येते. ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ हे लिहिताना हात थांबतो, मन हजर राहते. कायदा करणाऱ्यांनी आकड्यापेक्षा शब्दावर अधिक भरवसा ठेवला, ही गोष्ट आमच्यासारख्या आकडेमोड करणाऱ्यांनी विसरू नये.

कर्जविभागात असताना मी जे पाहिले ते मात्र याच्या उलट होते. कर्जाच्या कागदपत्रांचा गठ्ठा पुढे ठेवायचा आणि सही करण्याच्या प्रत्येक जागी पेन्सिलीने फुली मारून द्यायची, ही सर्वत्र रूढ असलेली रीत होती. कर्जदार आणि जामीनदार फुल्या पाहत पाने उलटत आणि सह्या करत. वीस-पंचवीस सह्या पाच मिनिटांत उरकत. मुठी फिरवणारे ते चाळीस शिष्य आठवावेत. एका मध्यम वयाच्या दुकानदाराने मेव्हण्याच्या कर्जाला अशीच जामीनकी दिली होती. धंदा बुडाला, मेव्हणा गाव सोडून गेला आणि मागणीची नोटीस या गृहस्थांना आली. ते बँकेत येऊन वारंवार एकच सांगत होते की, ती तर नुसती सही होती, पैसे मी घेतलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो कागद म्हणजे खुणा होता. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ म्हणते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोला गाठा, तो सापडला नाही तरच माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्कही त्याला मिळत नाही. न वाचता सही केली हा बचाव सहसा टिकत नाही. त्यांनी दुकानाचा पुढचा गाळा विकून रक्कम भरली. त्यांच्या पत्नी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी मला फक्त एवढेच विचारले की, त्या कागदात काय लिहिले होते ते आता तरी कोणी वाचून दाखवील का. मी पूर्ण वाचून दाखवले. त्यास पाऊण तास लागला.

उलट, एक वृद्ध आडते जामीनकीचा मसुदा घरी नेत, दोन दिवसांनी परत आणत, आणि रकमेची मर्यादा व मुदत त्यात स्पष्ट घातल्याशिवाय सही करत नसत. त्यांच्या चिकित्सेने आमचे वरिष्ठ वैतागत. त्यांच्या इंग्रजीची मजल बेताचीच होती, पण त्या कागदातले ‘मी’ म्हणजे आपण स्वतः आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते.

लगॅडोची चौकट आता खरोखरच तयार झाली आहे आणि ती पाचशेवर थांबलेली नाही. आजची लेखनयंत्रे स्विफ्टच्या चौकटीप्रमाणे शब्द आंधळेपणाने उलटत नाहीत. अफाट मजकुरातून कोणत्या शब्दांच्या संगतीत कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ती शिकलेली असतात आणि त्यानुसार पुढचा शब्द निवडतात. प्राध्यापकांनी मोजलेले नामे-क्रियापदांचे प्रमाण शतपटींनी सूक्ष्म झाले, असे समजावे. फळ स्तिमित करणारे आहे. ओळी जोडायला छत्तीस शिष्य लागत नाहीत आणि वाक्ये तुटक नसतात. त्या यंत्राला कळते की नाही, हा सर्लचा प्रश्न तत्त्वज्ञांकडे सोपवावा. दुकानदारासाठी प्रश्न अधिक साधा आहे. यंत्र ‘देईन’ असे लिहू शकते, देणारा कोण?

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. समजा, तीन वर्षांपूर्वीच्या उधारीसाठी एखाद्या पुरवठादाराचे पत्र आले आहे. मालाचा दर्जा, परत पाठवलेली पोती, वजनातील तूट यांवरून वाद आहे आणि मुदत संपत आली आहे. पेढीवरचा तरुण ते पत्र यंत्राला देऊन सौजन्यपूर्ण उत्तर लिही म्हणतो. उत्तर सुरेख येते. आपल्या थकबाकीची आम्हांला जाणीव आहे, सध्याच्या अडचणींमुळे विलंब होत असल्याबद्दल दिलगीर आहोत, इत्यादी. यंत्राला सौजन्य हवे म्हणून सांगितले, त्याने सौजन्याचे शब्द मांडले. चिरंजीवांनी छापून खाली सही केली. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम १८ असे आहे की, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी आणि सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. कबुलीत रक्कम लिहिलेली नसली तरी चालते. सोबत आत्ता देणार नाही असे म्हटले असले, तरीसुद्धा ती कबुलीच. बँका दरवर्षी खातेदारांकडून शिल्लक-कबुलीचे पत्र आग्रहाने घेत, ते याच कारणासाठी. म्हणजे दिलगिरीच्या एका ओळीने पुरवठादाराला आणखी तीन वर्षे मिळाली, आणि परत पाठवलेल्या पोत्यांचा त्या पत्रात उल्लेखही नाही.

यंत्राकडून मसुदा घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. आम्हीही छापील नमुन्यांवरूनच पत्रे लिहीत होतो. देणे-घेणे, मुदत, जामीन, परतावा यांचा संबंध असलेला कोणताही मसुदा सही करणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचावा, शक्य तर घरातील दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावा, आणि प्रत्येक क्रियापदापाशी कर्ता कोण ते पाहावे. वादातील रकमेविषयीचे उत्तर तर वकिलांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवूच नये.

जुन्या हुंड्यांतील पेठ-परपेठ आणि जोखमी हुंडी यांविषयी काही वाचकांनी यापूर्वी विचारणा केली आहे. तो विषय पुढील अंकात घेऊ. कोणाच्या घरी जुन्या हुंड्या असतील, तर मूळ कागद टपालाने पाठवू नयेत. छायाप्रत पुरेशी आहे.